निकाल लागेपर्यंतचे खून

माझा धंदा खुनाचा आहे आणि मी तो आनंदानं करतो.

घाबरू नका. मी झाडीपट्टीतला खलनायक आहे. धानाच्या आणि जंगलाच्या या आमच्या मुलखात दिवाळी सरली की गावोगाव नाटकं लागतात. शेतात उतरता खड्डा खणतात, त्यात माणसं धानाच्या तणसावर पोती टाकून, ब्लँकेटं पांघरून बसतात, आणि समोरच्या मांडवात उजाडेपर्यंत रडारड, गाणी आणि मारामाऱ्या चालतात. रडारड नायिकेकडे, गाणी नायकाकडे, मारामाऱ्या माझ्याकडे. मी सख्ख्या भावाला कुऱ्हाडीनं तोडलं आहे. सासऱ्याला विहिरीत लोटलं आहे. एका गरीब मास्तराचा गळा मी इतक्या गावांत आवळला की ते काम करणारा नट आता मला रस्त्यात पाहिलं तरी मफलर सैल करतो. शेवटच्या अंकात मलाही मारतात. त्याशिवाय लोक घरी जात नाहीत.

होळी झाली की मी मिशा उतरवतो आणि पुन्हा साधा धान पेरणारा माणूस होतो. पण लोक काही ते मानत नाहीत. पोंभुर्ण्याच्या बाजारात एक भाजीवाली मला शिव्या घालत वांगी तोलते, आणि वर मूठभर मिरच्या जास्त टाकते. आमच्या शेजारी एक बुडी, म्हणजे म्हातारी, राहते. तिनं माझं एकही नाटक सोडलेलं नाही. पहिल्या रांगेत बसून ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि सकाळी आमच्याच घरी चहाला येऊन सांगते, "काल त्या पोरीचा गळा दाबला तवा तुह्या डाव्या पायाची चप्पल सुटली होती गा. खुनी माणसानं असं गबाळं राहू नाई."

तर असा मी. मारण्या-मरण्यात केस पिकलेला माणूस. आणि एका उन्हाळ्यात आमच्या घरात खराखुरा हिंसाचार सुरू झाला, तेव्हा मला काही सुचेना.

त्या वर्षी माझ्या मुलीनं बारावीची परीक्षा दिली होती. गावातून सायन्स घेणारी ती एकटीच. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी तिनं बाहुलीपेक्षा माझी बँडेजं जास्त बांधली, कारण हंगामात मी रोज काही ना काही फोडून घरी यायचो. नर्सिंगला जायचं तर बारावी सुटायला हवी होती, आणि बारावी सुटायची तर फिजिक्स सुटायला हवं होतं. फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी ती घरी आली, पायातली चप्पल काढली, आणि ती चप्पल भिंतीवर अशी मारली की भिंतीवरची पाल खाली पडली.

"कसा गेला व?" तिच्या आईनं विचारलं.

"मले काही विचारू नका."

नापास झाली तर वर्ष जाणार, एवढंच ते नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणी दहावीनंतर अशाच वर्षभरासाठी म्हणून घरी थांबल्या होत्या. त्यांची लेकरं आता अंगणवाडीत खिचडी खायला जातात. माझ्या मुलीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मीही. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. पण कोणी सोयरा दारात आला आणि "पोरगी मोठी झाली" म्हणाला, की ती पाण्याचा गडवा त्याच्यासमोर असा आपटायची की पाणी त्याच्या मांडीवर उडायचं.

परीक्षा संपली आणि वाट पाहणं सुरू झालं. रोज कोणाच्या तरी मोबाइलवर निरोप यायचा, "उद्या निकाल." रोज तो उद्या उजाडायचा आणि निकाल लागायचा नाही. मुलगी जेवेना. जेवली तर अशी जेवायची की भाकरीशी तिचं जुनं वैर असावं. कपडे धुवायला बसली की दगडावर त्यांचा जीव घ्यायची. माझ्या तीन सदऱ्यांची बटणं गेली. एकदा आमच्या कोंबड्यानं अवेळी बांग दिली तर तिनं पितळी पेला फेकला. पेला कोंबड्याच्या पायाला लागला. तो बिचारा पुढे कितीतरी दिवस लंगडत फिरला आणि तिला पाहिलं की पाटीखाली शिरायचा. नवा माठ फुटला. जुना माठ फुटला. आईनं "हळू व" म्हटलं तर ती उंबरठ्यावर कपाळ आपटायला धावली.

बायकोनं मला बाजूला घेतलं. "तुम्ही स्टेजवर लय मोठे राक्षस होता ना जी? मंग घरातला हा राक्षस आवरा."

मी हसलो. मग तिनं झोपलेल्या मुलीची ओढणी सरकवून मला तिचा हात दाखवला. कोपराच्या खाली दातांच्या खुणा होत्या. काही ताज्या होत्या, काही काळ्यानिळ्या पडलेल्या. तिनं स्वतःच्याच दातांनी केलेल्या.

माझं हसू तिथल्या तिथं मेलं. मी पुष्कळ रक्त पाहिलं आहे. ते साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालून मी स्वतः चुलीवर शिजवतो. पण ते बारके बारके दातांचे ओरखडे पाहून मला घाम फुटला.

आता एक आतली गोष्ट सांगतो. इतकी वर्षं झाली तरी एन्ट्रीच्या आधी मला भीती वाटते. पाठ केलेले संवाद आठवत नाहीत. म्हणून मी विंगेत कोंड्याचं एक पोतं ठेवून घेतो. धानाचा कोंडा, गच्च भरलेला. नाव पुकारलं जाईपर्यंत मी त्या पोत्याला बुकलतो, लाथा घालतो, चावतोही. भीती पोटातून निघून हातात उतरली की मग मी बाहेर जातो आणि माणसं मारतो. पेटीवाला म्हणतो, खरा खून तर विंगेतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंगणातल्या जांभळीला कोंड्याचं पोतं टांगलं.

"हे काय?" मुलगी म्हणाली.

"हे फिजिक्स."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा पेला मलाच. मग ती पोत्याकडे वळली. पहिली बुक्की अगदी नाजूक होती, पोत्याला गुदगुल्या झाल्या असतील. दुसरी बरी. तिसरीनंतर मी मागे सरकलो. तिनं त्या पोत्याला दोन्ही मुठींनी, कोपरांनी, गुडघ्यांनी हाणलं. ओठ चावून हाणलं, रडत हाणलं. शेवटी पोतं उसवलं आणि सगळा कोंडा तिच्या डोक्यावर आला. ती तशीच, पांढरीफटक, धापा टाकत उभी राहिली. मग शिंकली. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

मी पोतं शिवलं. तिनं पुन्हा फोडलं. मी दुहेरी शिवलं. चौथ्या पोत्यानंतर ती म्हणाली, "यात मजा नाई बाबा. हे काही बोलत नाई, ओरडत नाई."

बायको भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग बापालेच मार ना. त्याले तं सवयच हाय. ओरडतेही चांगला."

आणि अशा रीतीनं माझ्या मुलीनं माझा खून करायला सुरुवात केली.

गावाबाहेर आमच्या धानाच्या बांधीला लागून एक बोडी आहे, म्हणजे छोटं तळं. उन्हाळ्यात ती आटते. मधोमध थोडा चिखल राहतो, एका कडेला बेशरमाची दाट झुडपं, आणि पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, बसायला छान जागा. निसर्गानं बांधलेलं नाटकाचं मैदानच. ऊन उतरलं की आम्ही बापलेक लाकडी तलवारी घेऊन तिथं जायचो.

पहिला नियम मी तिला त्याच दिवशी शिकवला. "डोळा मिळाल्याबिगर हात उचलायचा नाई. मारणाऱ्यानं मरणाऱ्याच्या डोळ्यात पाहायचं. मरणाऱ्यानं पापणी हलवली की समजायचं, तो तयार हाय. मंगच वार."

"आणि त्यानं पापणी नाई हलवली तं?"

"तं उभं राहायचं. स्टेजवरचा खून दोघांच्या मर्जीनं होते बाई."

दुसरं शिकवलं ते असं, की खून मारणारा करतच नाही, मरणारा करतो. मारणाऱ्यानं तलवार फक्त काखेखालून पलीकडे काढायची. आतडी तुटल्याचं काम सगळं मरणाऱ्याकडे. आणि तिसरं, अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचं नाही. शेवटच्या क्षणी एक पाऊल बाजूला व्हायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. तो आपल्याच जोरानं पडतो.

तिनं आधी मला तलवारीनं मारलं. मग सुऱ्यानं, मग गळा दाबून, मग दगडानं डोकं ठेचून. संवाद मीच पुरवले. "मर, चांडाळा!" हे तिला फार आवडलं. "नराधमा, तुझ्या पापांचा घडा भरला!" म्हणताना सुरुवातीला ती लाजायची. आठवड्याभरात ती अशी गर्जायला लागली की बोडीतले बगळे उठायचे. आणि मी मरायचो. काय मरायचो! मला लवकर मरणं जमतच नाही. पोट धरून मी आधी आभाळाकडे पाहायचो, मग तिच्याकडे बोट रोखायचो, मग गिरक्या घेत मागे मागे जात बोडीच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन कोसळायचो, आणि कोसळल्यावर पुन्हा एकदा अर्धवट उठायचो. पाकाच्या रक्तामुळे मुंग्या लागायच्या. मेलेला माणूस खाजवत पडलेला पाहून मुलगी पोट धरून हसायची. तिचं ते हसणं ऐकायला मी रोज मुंग्यांना अंग द्यायला तयार होतो.

बिडीच्या पानांचा, म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी डोक्यावर गाठोडी घेऊन परतायच्या आणि संध्याकाळपर्यंत पानांचे पुडे बांधायच्या. एक दिवस बुडी आपली पानं घेऊन पाळीवर येऊन बसली. "तिथी एकटीनं बांधण्यापरीस इथी पाहत पाहत बांधतो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी चार बाया आल्या. मग रोजच. हात पुडे बांधायचे, तोंडं शेरे मारायची.

"आज पोट्टी जोरात हाय."

"बाप म्हातारा झाला व. पहिलेसारखा मरत नाई."

"आगं, गळा दाब त्याचा! तलवारीनं काय होते?"

मुलगी त्यांना वाकून नमस्कार करायची आणि माझा गळा दाबायची. घरी आली की जेवायची, झोपायची. माठ शाबूत राहिले. कोंबडा पाटीखालून बाहेर आला. हातावरच्या खुणा पिवळ्या पडून विरू लागल्या. मोबाइलवर "उद्या निकाल" आलं की ती तलवार उचलून माझ्याकडे पाहायची, आणि मी निमूट चपला घालायचो.

पत्त्याच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. बहुतेक माणसं पुडे मोजून द्यायला गेली होती. पाळीवर फक्त बुडी आणि तीन-चार बाया. मावळतीचं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. त्या दिवशी बातमी पक्की होती म्हणे, निकाल दोन-तीन दिवसांत नक्की. मुलीनं माझ्याशी डोळा मिळवला, मी पापणी हलवली, आणि तिनं जो वार केला त्यात तिचं सगळं फिजिक्स होतं. तलवार माझी बरगडी खरडून गेली. असा वार मिळाला की कलाकाराला चेव येतो. मी नेहमीपेक्षा मोठं मरायचं ठरवलं. दोन गिरक्या जास्त घेतल्या, हात पसरले, आणि पाठीमागे न पाहता बेशरमाच्या झुडपात देह टाकून दिला.

झुडपाच्या सावलीत, ओल्या चिखलात, एक रानडुक्कर झोपलं होतं. मी त्याच्या अंगावर पडलो.

त्यानं माझ्याशी डोळा मिळवला नाही.

कोणीतरी माझ्या मांडीत तापलेला विळा घालून वर ओढला असं मला वाटलं. मी उडालो, हातावर पडलो, मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज ऐकला. ते पुन्हा आलं. त्याचा वास आला, चिखलाचा आणि कुजक्या कंदाचा. त्याचा फेस माझ्या तोंडावर उडाला. मी पायानं ढकलत मागे सरकत होतो आणि ते माझ्या पायांत डोकं घालून हिसके देत होतं. झुडपं हलत होती, मी किंचाळत होतो.

पाळीवरून टाळ्या ऐकू आल्या.

"आज तं लयच रंगवलं याईनं!"

मी जीव तोडून ओरडलो, "वाचवा! माय वो, वाचवा!"

बायांनी आणखी टाळ्या वाजवल्या. नंतर मला कळलं ते असं, की तेवढ्यात बुडीनं हातातला पुडा टाकला. "उठा व! तो वाचवा म्हणून राह्यला."

"मंग?"

"खलनायक कदी वाचवा म्हणते का? चाळीस नाटकं पाहिली मी याची. हा हसत मरते. उठा!"

पण त्या उतरून पोचायच्या आधी माझी मुलगी पोचली होती. लाकडी तलवार तिनं दोन्ही हातांनी धरून डुकराच्या नाकाडावर हाणली. तलवार मोडली. उरलेल्या खुंटानं तिनं पुन्हा हाणलं, नाकावर, डोळ्यावर, कानामागे, जिथं लागेल तिथं. आणि काय ओरडत होती? "मर, चांडाळा! नराधमा! तुझ्या पापांचा घडा भरला!" माझेच संवाद. शब्द न चुकता, उच्चार स्पष्ट. माझ्या मांडीतून रक्त उसळत होतं आणि मला मनातल्या मनात वाटलं, आवाज किती छान लागला हिचा.

डुकरानं मला सोडलं आणि तिच्याकडे तोंड केलं. ते धावलं. ती जागची हलली नाही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती एक पाऊल बाजूला उभी होती आणि डुक्कर आपल्याच जोरानं पुढे जाऊन पाळीवर धडकलं होतं. ते कोलमडलं, उठलं, आणि बायांच्या आरडाओरड्यात पाळीवरून पलीकडे सागवानात घुसलं. त्याच्या मागे कितीतरी वेळ वाळली पानं कडकडत राहिली.

मग सगळं शांत झालं. मी माझ्या रक्ताकडे पाहिलं. खरं सांगतो, स्टेजवर चालणार नाही ते. फार काळं दिसतं.

मुलीनं अंगावरची ओढणी ओढली आणि माझ्या मांडीला जखमेच्या वर आवळून बांधली. तरी रक्त थांबेना म्हणून जांघेत गुडघा रोवून सगळं वजन टाकलं. मी बोंबललो. "ओरडा," ती म्हणाली, "पण हलू नका." सकाळी जिच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता, तिचे हात आता दगडासारखे होते. "बाज आणा! आजी, तुमी याइचं डोकं धरा. झोपू देऊ नका, शिव्या द्या."

बुडीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मनापासून शिव्या दिल्या. तिला सरावच होता.

बाजेवर घालून मला सडकेपर्यंत नेलं आणि पत्त्याच्या पोत्यांनी भरलेल्या पिकअपमध्ये चढवलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मुलीनं गुडघा काढला नाही. तिथल्या सिस्टरनं ओढणीची गाठ सोडताना कपाळाला आठ्या घातल्या. "इतकं घट्ट बांधतात का कोणी? पाय काळा पडला असता." मग जखम पाहिली. "जागा मात्र बरोबर धरली."

मुलगी बाहेर नळावर हात धुवायला गेली. टाके घालून मला वॉर्डात आणलं तेव्हा ती परत आली, आणि आता कुठं ती थरथरायला लागली. दात वाजत होते. माझ्या उशाशी बसून ती हुंदके देत म्हणाली, "बाबा."

"मी ठीक आहो बाई."

"बाबा, फिजिक्सचं काय होईन?"

मी मरता मरता वाचलो होतो, मनगटाला प्लास्टर होतं, ढुंगणावर सुया खाल्ल्या होत्या, आणि पोरीला फिजिक्स आठवलं. मला इतकं हसू आलं की एक टाका ताणला.

वॉर्डात माझी ओळख निघायला वेळ लागला नाही. समोरच्या पलंगावर हर्नियाचा एक म्हातारा होता. तो मला निरखून निरखून पाहत होता. दुसऱ्या दिवशी ताडकन उठून बसला. "हाच तो! यानंच सख्ख्या बहिणीचं घर जाळलं!" मग समाधानानं आडवा झाला. "देवानं डुक्कर पाठवलं. बरं केलं." त्याची मुलगी मात्र रोज मला डब्यातलं वरण द्यायची. बुडी पण एकदा येऊन गेली आणि म्हणाली, "झुडपात पडायच्या पहिले मांगं पाहावं माणसानं. एवढी वर्षं नाटक केलं, काय शिकला?"

निकालाचा दिवस उजाडला. दुपारी लागणार होता. दवाखान्यात मोबाइलला रेंज फक्त फाटकापाशी, कडुलिंबाखाली. दुपार झाली तशी मुलगी उठली. तिचा उजवा हात तोंडाशी गेलेला मी पाहिला. दात हातावर टेकले. मग तिनं तो हात खाली घेतला, ओढणीच्या टोकात गच्च धरला आणि बाहेर गेली.

माझ्या पलंगाजवळ खिडकी होती. तिची पाठ दिसत होती. तिनं मोबाइल वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला. साइट उघडत नसावी. समोर काळ्या खड्ड्यात बसलेली माणसं मला कळतात. कोण रडणार, कोण चप्पल काढणार, सगळं कळतं. पण त्या पाठीवरून मला काही कळेना. जवळ कोंड्याचं पोतं नव्हतं म्हणून मी उशीला बुक्की घातली.

"काय करून राह्यले जी?" बायको म्हणाली. तिनं स्वतः पलंगाची लोखंडी पट्टी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"मी एन्ट्रीची वाट पाहून राह्यलो."

पाठ एकदम ताठ झाली. मग ती वळली आणि चालत आली. धावत नाही. चालत. वॉर्डाच्या दारात येऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. हर्नियावाला म्हातारासुद्धा कण्हायचा थांबला.

"काय झालं व?" बायकोनं विचारलं.

मुलगी माझ्या पलंगापाशी आली. भिंतीला टेकवलेली माझी कुबडी उचलली. तलवारीसारखी दोन्ही हातांनी धरली. आणि माझ्या डोळ्यात पाहिलं.

मी पापणी हलवली.

"मर, चांडाळा!" ती गर्जली. औषधाची बाटली हादरली असेल. "तुझ्या फिजिक्सचा घडा भरला!" आणि कुबडी माझ्या काखेखालून अशी सफाईनं पलीकडे गेली की समोरच्या म्हाताऱ्यानं किंकाळी फोडली.

"अवो पण पास का नापास?" बायको रडकुंडीला येऊन ओरडली.

"पास! काठावर हाय, पण पास!"

आता सांगा, मी काय करायचं होतं? मी पोट धरलं. छताकडे पाहिलं. प्लास्टरचा हात उचलून मुलीकडे रोखला. "दगाबाज!" एवढंच म्हणालो आणि खोकलो. सलाइनचा स्टँड धरून उठायचा प्रयत्न केला, तो स्टँड घेऊनच एका बाजूला कललो, बायकोच्या खांद्यावर ओघळलो, तिथून पुन्हा एकदा अर्धवट उठलो, म्हाताऱ्याकडे पाहून विकट हसलो, आणि पलंगावरून खाली फरशीवर पूर्ण कोसळलो. टाके बोंबलले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. एक पाय झाडला. मग दुसरा. मग मान टाकली. म्हातारा उठून टाळ्या वाजवत होता. त्याला माझा खरा शेवट पाहायला मिळाला होता.

सिस्टर धावत आली. "ओ काका! मरायचं असेल तर पलंगावर मरा! टाके तुटले ना तर मीच मारीन तुम्हाला!" मग तिचं लक्ष मुलीकडे गेलं. मुलगी कुबडी धरून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. "आणि तू पाहत काय उभी राहिली? उचल यांना. असं नाही, कमरेत वाकू नको. गुडघे वाकव. हात काखेतून घाल. हां, आता छातीशी धर. मोडक्या हाताला सांभाळ."

मुलीनं गुडघे वाकवले. माझ्या काखेतून हात घातले, जिथून आत्ताच कुबडी काढली होती. मी मेलेला होतो, मान टाकून, डोळे मिटून. तिनं एकदा जोर लावला. मी हललो नाही. तिचा श्वास माझ्या कानाशी आला.

"बाबा, आता जिवंत व्हा ना. लय वजन हाय तुमचं."

मी एक डोळा किलकिला केला, तिला पाहिलं आणि पुन्हा मिटला. मुलगी शिकत होती. अशा वेळी मधेच जिवंत होणारा मी माणूस नाही.